आधीं तबकड्या, मग यंत्र

अलीकडे पुष्कळ घरांत तबकड्या वाजविण्याची हौस पुन्हा उत्पन्न झाली आहे. ती स्तुत्य होय. परंतु यंत्राच्या डौलास भुलून खरेदी करूं नये. घरांत कोणत्या तबकड्या आहेत, हें आधीं पाहावें.

कलकत्त्यास १९०२ सालीं गौहरजान यांचें गायन मुद्रित झालें, त्या काळच्या तबकड्यांत लाख असे आणि त्या मिनिटास सुमारें ७८ फेरे घेत. विनाईलची दीर्घ तबकडी १९४८ सालीं अमेरिकेंत निघाली. तिचे फेरे ३३⅓ व खांच फार अरुंद. तिची बारीक सुई जुन्या रुंद खांचेच्या तळाशीं घासून खरखर करते. उलट जुनी जाड सुई विनाईलची नासाडी करते. सबब दोन्ही गती असलेलें व दोन्ही सुया बसतील असेंच यंत्र घ्यावें.

तबकड्या उभ्या ठेवाव्या. एकीवर एक रचल्यास त्या भारानें वांकतात किंवा फुटतात. त्यांस ऊन लागूं देऊं नये. लाखेच्या तबकडीस स्पिरिट मुळींच लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते.

गाणें आतां मोबाइलवर मिळतें, मग हा खटाटोप कशास, असें कोणी म्हणेल. परंतु त्या काळचें जें गायन तेथें ऐकूं येतें, तें बहुधा कोणीं तरी तबकडी जपली म्हणूनच! तेव्हां पालकहो, आजोबांच्या तबकड्या भंगारांत देण्यापूर्वीं विचार करा. आणि विद्यार्थ्यांनो, घरांतील तबकड्यांची यादी तुम्हीच करा. पूर्वजांनीं स्वाधीन केलेल्या ठेव्याचे आपण मालक नसून कारभारी आहोंत.