कळफलकाची मांडणी

गेल्या सत्रांत आमच्या संगणक-वर्गांत एक फजिती झाली. एका विद्यार्थ्यानें मराठी कळफलकाची मांडणी आपल्या सोयीप्रमाणें बदलली व तशीच ठेविली. मागून आलेल्या मुलीचा अर्धा तास ‘क’ शोधण्यांतच गेला. आम्ही तिच्यावरच रागावलों, हें कबूल केलें पाहिजे.

मुळांत एक चांगली मांडणी आधींच ठरलेली असावी, असें आमचें मत आहे. भारत सरकारनें १९८६ सालीं ठरविलेली इन्स्क्रिप्ट तशी आहे. स्वर डाव्या हाताखालीं, बहुतेक व्यंजनें उजव्या. शिवाय ‘क’ची कळ गुजराती, बंगाली व तमिळ लिपींतहि तीच. नवशिक्यापुढें प्रथमच दहा पर्याय मांडल्यास तो गांगरतो.

पण म्हणून पर्यायच काढून टाकावे काय? सिन्नरमधील कित्येक पालक टंकयंत्रावर मिनिटास ३० शब्दांची परीक्षा देऊन कारकून झाले. जुनी मांडणी त्यांच्या अंगवळणीं पडली आहे. २००२ सालीं ‘ग्नोम’ या मुक्त प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तींतून पुष्कळ पर्याय गाळले गेले, तेव्हां जुने वापरणारे चिडले. त्यांचा राग आम्हांस समजतो. पर्याय असावेत, मात्र आंतल्या कप्प्यांत.

शाळेंत तर प्रत्येक मुलास संगणकावर स्वतंत्र खातें द्यावें. म्हणजे एकाचा बदल दुसऱ्याच्या माथीं येणार नाहीं.