पाटल्या मोडण्याआधी

मैत्रिणींनो, एका भगिनीचं पत्र आलंय. अपघातात यजमानांच्या पाठीच्या कण्याला मार बसला, पाय हलत नाहीत. "ताई, यंत्राने चालायला शिकवतात म्हणे. पाटल्या मोडू का?"

थांबा, आधी यंत्र समजून घ्या. झुरिकमध्ये तयार झालेल्या 'लोकोमॅट'वर रुग्णाला पट्ट्यांनी तोलून धरतात. पायांना बांधलेले यांत्रिक पाय सरकत्या पट्ट्यावर पावलं टाकून घेतात. पुनःपुन्हा केलेल्या सरावाने मज्जारज्जूतले शाबूत तंतू कामाला लागावेत, हा हेतू. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा: इजा पूर्ण की अपूर्ण? अपूर्ण असेल तर आशेला जास्त जागा. मात्र फिजिओथेरपिस्टने हातांनी तितकाच सराव करून घेतला, तर यंत्र त्याहून सरस ठरतंच असं सिद्ध झालेलं नाही.

हाडं ठिसूळ झाली नाहीत ना, तेही तपासून घ्या. उभं करताना रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. घरी आल्यावर पट्ट्यांच्या जागा नीट बघा. संवेदना नसेल तर कातडी सोलवटल्याचं त्यांना कळणारही नाही.

अंगावर बांधून चालायच्या 'रीवॉक' यंत्राला अमेरिकेने २०१४ साली घरी वापरायची परवानगी दिली, तीसुद्धा शिकवून तयार केलेला सोबती जवळ असेल तरच. हा सोबती घरोघरी कोण असतो, ते का मी सांगायला हवं?

तेव्हा किती आठवडे, किती खर्च, हे विचारूनच पाटल्यांचं ठरवा. आणि स्वतःच्या जेवणाझोपेची आबाळ करू नका हं!