झडप नको, तळहात हवा!

आजचा कॉलम मी नऊ बोटांनी टाइप करतेय. दहावं बँडेजमध्ये आहे. कारण? ड्रोन पकडायची माझी फिल्मी स्टाइल!

दिवाळीत मामाकडे गेले होते, कुडव्याला. गोंदिया शहराला लागूनच आहे हे, पण जरा पुढे गेलं की धानाच्या बांध्या सुरू. कापणी चालू होती. मामेभावाकडे छोटासा ड्रोन, २५० ग्रॅमच्या आतला. म्हटलं, एक झकास रील होऊन जाऊ दे!

पण उडवायचा कुठून? बांधीत ओल, धुऱ्यावर गवत, खळ्यात तणस आणि कोंडा. जमिनीवरून उडवला तर पात्यांच्या हवेने हा कचरा उडतो आणि मोटारीत जाऊन बसतो. म्हणून टेक-ऑफ हातावरून.

भावाचं होमवर्क पक्कं होतं. आधी सरकारचा एअरस्पेस मॅप. बिरसीचा विमानतळ इथून फार लांब नाही. तिथून पायलट-ट्रेनिंगची छोटी विमानं उडतात, २०२२ मध्ये प्रवासी विमानंही सुरू झाली. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पण रेड झोन नॅनोसाठीही रेडच, बरं का!

मग माझी ड्यूटी. धरणारी मी, उडवणारा तो. केस बांधलेले, ओढणी खोचलेली. ड्रोनची मागची बाजू आपल्याकडे, म्हणजे रिमोटचं डावं-उजवं उलटं होत नाही. बोटं ड्रोनच्या पोटाखाली, पात्यांपासून लांब. हात सरळ, डोक्याच्या वर. जीपीएस मिळालं, मोटार सुरू झाली, स्टिक हळूच वर... आणि गेला! फेकायचा नसतो, तो आपणहून उठतो.

शॉट्स मस्त आले. घोळ झाला उतरवताना. ड्रोन जवळ येऊन थांबला, मी खालून तळहात नेला, तर तो चक्क वर सरकला! खालचा सेन्सर हाताला जमीन समजतो आणि अंतर राखतो. मला वाटलं, पळतोय. घातली बाजूने झडप. खच्चकन पातं बोटावर!

''कायले घाई केली वं ताई?'' भाऊ ओरडला. रक्त थांबल्यावर त्याने समजावलं. पकडून ओढलं की ड्रोनला वाटतं वाऱ्याने ढकललं, मग जागा टिकवायला तो मोटारी आणखी जोरात फिरवतो.

दुसऱ्या दिवशी रीतसर उतरवला. ड्रोन डोक्याच्या थोडा वर, हाताच्या अंतरावर स्थिर. तळहात बरोबर खालून, सावकाश. पोट घट्ट धरायचं, ओढायचं नाही, वाकडं करायचं नाही. उडवणाऱ्याने स्टिक पूर्ण खाली दाबून ठेवायची, मोटारी थांबेपर्यंत. बॅटरी तीस टक्के असतानाच परत बोलवायचा, म्हणजे घाईच होत नाही.

आणि वारा असेल, आजूबाजूला पोरं जमली असतील, किंवा ड्रोन मोठा असेल तर हट्ट नको. सरळ ताडपत्री अंथरा. मॅन्युअलमध्ये हातावर उतरवू नका म्हटलं असेल, तर विषयच संपला.

लोकल, लिफ्ट, बुफेमधली शेवटची जिलबी... आपल्याला सगळीकडे झडप घालायची सवय. ड्रोनला मात्र येऊ द्यावं लागतं.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. दहा बोटांसह!