भुकेचे महिने आणि एचआयव्ही
मलावी देशात मक्याचे पीक एप्रिलच्या सुमारास घरात येते. त्यामुळे डिसेंबर उलटला की लहान शेतकऱ्याच्या कणगीचा तळ दिसू लागतो, आणि मार्चपर्यंतचे दिवस ‘गान्यु’वर, म्हणजे धान्याच्या वा रोकडीच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या शेतावर राबून, कंठावे लागतात. ज्या स्त्रीला ही मजुरीही मिळत नाही आणि जिच्या पदरी लेकरे आहेत, तिला संयमाचा, एकनिष्ठेचा व निरोधाचा उपदेश करून कर्तव्य पार पडले असे मानणारी आरोग्यनीती मला अपुरीच नव्हे, अन्यायकारक वाटते. कारण देहाच्या मोबदल्यात मका देणाऱ्या पुरुषाला अट घालण्याचे सामर्थ्य भुकेने तिच्या ठायी उरू दिलेलेच नसते.

केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी या व्यवहाराला ‘जाबोया’ असे रूढ नावच आहे: मासळी विकून पोट भरणाऱ्या बाईने माल मिळावा म्हणून कोळ्याशी शय्यासोबत करावी, असा तो दस्तूर. बोट्सवाना आणि तेव्हाचे स्वाझीलँड येथील 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही अन्नाला मोताद झालेल्या स्त्रियांत असुरक्षित संबंधांचे व देहविक्रयाचे प्रमाण अधिक आढळले.

दारिद्र्य तेथे एचआयव्ही, असा सरसकट सिद्धांत मात्र मांडता येत नाही; आफ्रिकेतील कित्येक देशांत सधन कुटुंबांतच लागण अधिक दिसली आहे. घात करते ती अकस्मात ओढवलेली टंचाई. 19 आफ्रिकी देशांच्या 2015 मधील अभ्यासात, रोगाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या ग्रामीण भागांत प्रत्येक अलीकडच्या अवर्षणामागे लागणीचे प्रमाण 11 टक्क्यांनी वाढलेले आढळले.

उपायही अज्ञात नाही. मलावीतील झोम्बा जिल्ह्यात अविवाहित शाळकरी मुलींना व त्यांच्या पालकांना दरमहा अल्पशी नगद रक्कम दिली गेली, तेव्हा अठरा महिन्यांनंतर त्या मुलींत एचआयव्हीचे प्रमाण 1.2 टक्के, तर रक्कम न मिळालेल्यांत 3 टक्के आढळले. शाळा आधीच सुटलेल्या मुलींत असा फरक पडला नाही, ही गोष्टही नजरेआड करू नये. मदत शाळा सुटण्यापूर्वीच पोहोचली पाहिजे, असा मी तिचा अर्थ लावतो.

2002 च्या दुष्काळापूर्वी मलावीच्या सरकारी कोठारांतील राखीव मका विकला गेला होता. त्या कोठारांचा ताळेबंद यापुढे आरोग्यखात्यानेही दर डिसेंबरपूर्वी तपासावा, आणि एड्सनिर्मूलनाच्या अंदाजपत्रकात औषधांच्या शेजारी धान्याची व या मुलींच्या तनख्याची तरतूद व्हावी.