रात्र त्यांची, आम्हाला दिवसाची वीज द्या

हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. वीज रात्री बाराला येणार, म्हणून मी आणि धाकटा भाऊ साडेअकरालाच शेतात जाऊन बसलो. आमचं शेत ज्ञानगंगा अभयारण्याच्या पायथ्याशी. धुऱ्याला लागून नाला, नाल्यापलीकडे सालईचा उतार. मोटार सुरू झाली, भाऊ स्प्रिंकलरचे पाइप बदलायला पुढे गेला आणि बोरीखालून अस्वल उभं राहिलं. पंधरा-वीस पावलांवर! ते हुंगत राहिलं, मग नाल्यात उतरलं. त्या रात्री अर्धंच शेत भिजलं.

अस्वलाला दिसतं कमी. त्याचा सगळा संसार नाकावर. स्प्रिंकलरच्या आवाजात त्याला माणसाची चाहूल लागत नाही, माणसाला त्याची लागत नाही. अगदी समोर आल्यावर दोघंही दचकतात, आणि दचकलेलं अस्वल थेट तोंडावर येतं. यात त्याचा दोष मला दिसत नाही. बोरं, उंबरं, वारुळं शोधत हिंडायची त्याची वेळच ती.

२०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ आमच्या या जंगलात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणात जाऊन, हिंगोलीकडून, शेकडो गावांच्या शिवारांतून तो आला. दिवसा झुडपात पडून राहायचा, रात्री चालायचा. एवढ्या वाटेत त्याच्याकडून एकच माणूस जखमी झाला, तोही वाघ विसावलेल्या झुडपात माणसं चुकून शिरली तेव्हा. किती पऱ्हाटी, किती तुरी तुडवत तो गेला असेल आणि धनी घरी निजलेले होते, म्हणून निभावलं.

गावात म्हणतात, जंगलाला कुंपण घाला. मला ते पटत नाही. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल बंद केलं, तर अंबाबरवा आणि मेळघाटाकडे जायची वाटच बुजेल. एकट्या आलेल्या वाघामागे वाघीण यायची, तर तीही शिवारातूनच चालत येणार.

कोणी विचारेल, रोही आणि डुकरांसाठी जागल करताच ना? करतो. पण जागलीचा माणूस मचाणावर असतो, खाली शेकोटी असते. पाणी देणारा चिखलात, वाकलेला, हातात पाइप.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. तिच्या यादीत अभयारण्याच्या काठची गावं सर्वांत आधी घ्या. बोथ्याच्या घाटाखालची, मोताळ्याची, खामगावकडची. नुकसानभरपाईचे अर्ज भरण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि माणसाचा चेहरा शाबूत राहील.

राहिलेल्या अर्ध्या शेताचं पाणी या आठवड्यात द्यायचं आहे. पाळी पुन्हा रात्रीचीच आली आहे.