मी म्हटलं नव्हतं?

गेल्या महिन्यात आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. नववीतल्या आमच्या चिरंजिवांनी घेतलेला व्हिडिओ गेम फसला होता! मीही आधी हसलेच, आणि तिथेच माझं चुकलं.

वाढदिवसाला, गणपतीत आजी-आजोबांनी हातावर ठेवलेले पैसे त्याने वर्षभर डब्यात जपले होते. खेळ बाजारात यायच्या तीन महिने आधीच, नुसती जाहिरात पाहून, त्याने ह्यांच्याकडून ते भरून घेतले. मी म्हणत होते, "अरे, अजून जन्मालाच आला नाही, तर बारशाची घाई कशाला?" पण ऐकतो कोण! खेळ आला त्या रात्री जागरण झालं. सकाळी पाहते तर चेहरा एवढासा. चित्र मधेच अडकायचं, माणसं भिंतीतून आरपार जायची, नि जाहिरातीतलं भलंमोठं शहर म्हणजे चार गल्ल्या! मी लगेच म्हटलं, "मी म्हटलं नव्हतं?" पोरगं मुकाट्याने जेवायला बसलं, मुकाट्याने उठलं.

रात्री ओटा आवरताना कपाटात मागे पडलेला भाजी कापायचा साचा हाताला लागला. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात विक्रेत्याने त्यातून दोन मिनिटांत काकडीची फुलं नि बटाट्याच्या जाळ्या काढून दाखवल्या होत्या. घरी आणला तर निघाला नुसता लगदा, वर माझं बोट कापलं ते वेगळंच. तेव्हा "मी म्हटलं नव्हतं?" हे ह्यांनी म्हटलं होतं, आणि खरं सांगू, साच्याच्या किमतीपेक्षा तेच मला जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतले माझे तास संपवून आले नि त्याच्याजवळ बसून ही साच्याची हकिगत सांगितली. तेव्हा कुठे स्वारी हसली. म्हणाला, "आई, माझं काहीच नाही. एक खेळ तर चक्क जमिनीत पुरला होता!" मला वाटलं, थापा मारतोय. मग स्वतः वाचून पाहिलं, तर अगदी खरं निघालं.

गोष्ट अमेरिकेतली. १९८२ च्या जूनमध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ई.टी.' हा चित्रपट आला आणि लहानथोर त्याच्यासाठी वेडे झाले. अटारी या कंपनीने त्यावर खेळ काढायचे हक्क घेतले, दोन कोटींहून जास्त डॉलर मोजून, असं सांगतात. पण बोलणी लांबली, ती जुलैअखेर संपली. नाताळात खेळ दुकानात हवा, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला तो तयार हवा. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कसबी माणसाच्या हातात उरले जेमतेम पाच आठवडे! तोवर असे खेळ करायला कित्येक महिने लागत. पाहुणे दारात आणि डाळ अजून भिजायची, अशी ती गत.

खेळ वेळेवर आला खरा. पण त्यातला बिचारा ई.टी. सारखा खड्ड्यात पडायचा. एकातून वर काढावा, तर पुन्हा त्यातच! मुलं कंटाळली. लाखो नग खपले, पण कंपनीने त्याहून किती तरी जास्त बनवून ठेवले होते. शेवटी १९८३ च्या सप्टेंबरात अटारीने न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो गावाच्या कचरा-डेपोत पुरला. २०१४ साली तिथे खोदकाम झालं, तेव्हा ई.टी.बरोबर कंपनीचे इतर खेळही निघाले. आणि ते वॉरशॉ? पुढे ते मानसोपचारतज्ज्ञ झाले!

मला यातलं हे महत्त्वाचं वाटलं, की फसगत बहुधा कौशल्य नसल्याने होत नाही. आधी बोभाटा आणि मग घाई, यांनी होते. २०१६ साली इंग्लंडच्या एका लहानशा कंपनीचा 'नो मॅन्स स्काय' आला. त्यात अगणित ग्रह. पण दोन खेळाडू ठरवून एकाच जागी गेले तर एकमेकांना दिसेनात! २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' आला. त्याचे ऐंशी लाख नग लोकांनी आधीच मागवले होते, आणि आठवड्याभरात सोनीला तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यावे लागले. पण हेही सांगायला हवं, की या दोघांनी पुढे वर्षानुवर्षं डागडुजी केली, आणि आज लोक ते आवडीने खेळतात. म्हणजे ज्यांनी धीर धरला, त्यांना चांगली वस्तू मिळाली.

तेव्हा तुमच्याकडेही असा हट्ट होईल, तर एवढं करा. आगाऊ पैसे भरू नका. खेळ काही संपून जात नाही, आणि पुढे बहुधा स्वस्तच होतो. बाजारात आल्यावर पंधरा दिवस थांबा. जाहिरात पाहू नका, कुणी खरोखर खेळताना दाखवलं असेल ते मुलाबरोबर बसून पाहा. कितव्या वर्षापासून खेळायचा, हे खेळावर लिहिलेलं असतं, तेही वाचा. पैसे परत मिळण्याचा नियम आधी विचारून घ्या. उदाहरणार्थ, संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानात घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. "पुढे बरा होईल" म्हणत रात्रभर खेळत राहिलं, की संपलंच.

आणि इतकं करूनही फसगत झालीच, तर ते एक वाक्य तेवढं गिळून टाका. पैसे गेल्याचं मुलाला कळलेलं असतं. ते आपण पुन्हा सांगायची गरज नसते.

आमच्याकडे डब्यात परत नाणी पडू लागली आहेत. परवा नवी जाहिरात पाहून स्वारी स्वयंपाकघरात आली नि म्हणाली, "आई, हा आला की पंधरा दिवस थांबू या, हं. आणि तूही प्रदर्शनाला जाशील, तर मला बरोबर ने!"