चोच फोडणारा गरुड

गरुड चाळिशीला पोचला की एकाकी कड्यावर जातो, खडकावर आपटून चोच फोडतो, नखे-पिसे उपटतो आणि पाच महिन्यांनी आणखी तीस वर्षांचे आयुष्य घेऊन झेपावतो. व्यवस्थापनाच्या शिबिरांपासून निरोपसमारंभांपर्यंत ही कथा आम्ही इतक्यांदा ऐकली आहे, की तिचा प्रतिवाद करणे आता कर्तव्यच वाटते.

कथा साफ खोटी आहे. चोचीच्या गाभ्यात हाड असते; ती फुटल्यास गरुड उपाशी मरेल. तिचे शृंगी आवरण सतत वाढते नि झिजते, पिसेही टप्प्याटप्प्याने बदलतात. नूतनीकरणासाठी गरुडाला आत्मक्लेशाची गरज नसते.

'अहो, ते प्रतीक आहे,' असा बचाव होईल. पण मग ती निसर्गाचे सत्य म्हणून का सांगितली जाते? आणि ज्याच्याकडे कधी पाहिलेच नाही, त्याचे प्रतीक कसले?

पाहणे म्हणजे काय, ते झिम्बाब्वेतील माटोबोच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांत दिसते. तेथील व्हेरोच्या काळ्या गरुडांचा व्हॅलरी गार्गेट यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९० साली त्यावर ग्रंथ लिहिला. हा गरुड जवळजवळ सर्वस्वी हायरॅक्स या सशाएवढ्या, खडकांत राहणाऱ्या प्राण्यावर जगतो. मादी बहुधा दोन अंडी घालते. थोरले पिल्लू धाकट्याला जवळजवळ नेहमीच मारते. एका घरट्यात तीन दिवसांत थोरल्याने धाकट्याला १,५६९ वेळा टोचल्याची नोंद गार्गेट यांनी केली. अन्नाचा तुटवडा नसतानाही हे घडते. दुसरे अंडे हा पहिले न उबल्यास उपयोगी पडणारा विमा असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

हा गरुड कोणत्याही शिबिरात बोलावला जात नाही. त्याच्यापासून बोध निघत नाही. निघालाच तर तो भयंकर असेल. आम्हीही तो काढणार नाही. पक्षी आपल्याला शिकवण्यासाठी जन्मलेला नाही, एवढे मान्य केले तरी पुरे.

परंतु त्या खोट्या गरुडाकडून कोणाचे काम साधते, हे विचारायलाच हवे. शिबिरात समोर बसलेला माणूस पुष्कळदा खरोखरच चाळिशीचा असतो आणि त्याची नोकरी डळमळीत झालेली असते. त्याला सांगितले जाते, की दोष तुझ्या चोचीत आहे. ती तूच फोड. ज्यांनी त्याच्या पायाखालचा खडक काढून घेतला, त्यांच्याविषयी कथा अवाक्षर काढत नाही.

अशी कथा पुन्हा कानी पडली, तर टाळ्या वाजवू नयेत. एवढेच विचारावे : महाशय, हा गरुड आपण कोठे पाहिलात?